अनुग्रह कशास म्हणावे? बहिणाबाईंच्या संसारावरून थोडा विचार

कीर्तन आटोपून बुक्का लावता लावता एखादी माउली हळूच आम्हांस विचारते, "महाराज, माळ घातली, एकादशी धरली, वारीही चुकवत नाही. मग घरात दुखणी का? कर्ज का? मालक असे का वागतात?" प्रश्न खरा आहे. "प्रारब्ध आहे, भोगा," एवढे सांगून आपली पिशवी उचलावी हे आम्हांस बरे वाटत नाही. म्हणून या अंकी श्रीसंत बहिणाबाईंच्या संसाराकडे पाहू.

आधी शब्द पाहू. ग्रह् धातू, अर्थ धरणे. त्याला 'नि' लागला की निग्रह, म्हणजे आवळून धरणे. 'अनु' लागला की अनुग्रह. अनु म्हणजे मागून, पाठोपाठ. लेकरू पाऊल टाकायला शिकते तेव्हा आई मागून त्याचे बखोट धरून चालते ना, तसे समजा. अंगणातले खडे ती आधी वेचून ठेवतेच असे नाही. संकट टळणे हा अर्थ आपण पदरचा घातला आहे, आणि तेवढ्यावरून गुरूशी हिशेब मांडून बसलो आहो.

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० मधला (इ. स. १६२८), वेरुळाजवळच्या देवगावचा. वडील आऊदेव कुलकर्णी, आई जानकी. तिसऱ्या वर्षी लग्न झाले ते तिशीच्या बिजवराशी! नवरा वेदपाठी, विद्वान, पण जमदग्नीचा अवतार. पुढे भाऊबंदकीच्या त्रासाने घरदार सोडून सारे निघाले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे करीत कोल्हापुरास आले आणि हिरंभटांच्या वाड्यात राहिले. भिक्षुकीवर पोट. तिथे एक कपिला गाय मिळाली, तिचे वासरू या मुलीच्या पायांत पायांत. ती कीर्तनास निघाली की तेही निघे. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. स्वामींनी ते परत आणविले आणि वासराच्या व मुलीच्याही मस्तकावरून हात फिरविला. झाले! गावात चर्चा झाली, ती नवऱ्याच्या कानी गेली. त्याने तिला बेदम मारले, बांधून ठेवले. तिकडे गाय-वासराने वैरण सोडली. पुढे वासरू गेले. ही शुद्ध हरपून पडली. त्याच दिवसांत, कार्तिक वद्य पंचमीस, तुकोबारायांनी स्वप्नात येऊन मस्तकी हात ठेवला व मंत्र दिला. तोवर तिने त्यांना डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. ऐकले होते ते त्यांचे अभंग.

आता इथे थांबा. पुष्कळ ठिकाणी चरित्र इथेच गोड करून संपवितात. पण बाईंनी स्वतः आपल्या अभंगांतून पुढचे सांगून ठेवले आहे. अनुग्रहानंतर मार थांबला का? उलट राग वाढला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राचा उपदेश घ्यावा, लोकांनी तिच्या दर्शनाला यावे आणि आपल्याला कोणी विचारू नये, हे त्या पंडिताला सोसवेना. पोटुशी बायको टाकून तीर्थाला निघून जाण्याचा त्याने बेत केला. कृपा झाली आणि संसार मोडायच्या बेताला आला!

मग पालटले काय? ती. पूर्वी मार बसे आणि ती त्याखाली निराधार असे. आता मागून कोणी धरले आहे याची तिला खूण पटली होती. नवरा निघायच्या सुमारास तापाने पडला, तेव्हा तिनेच त्याची शुश्रूषा केली. हे दुखणे म्हणजे गुरूने दिलेला दंड, असे काही कीर्तनकार रंगवून सांगतात. आम्हांस ते मान्य नाही. दंड करणे हा निग्रह झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्या मानी माणसाला तुकोबांची निंदा स्वतःलाच टोचू लागली, हेच मोठे आहे. बरा झाल्यावर तो तिला सोडून गेला नाही. तिला घेऊन देहूस गेला.

आणखी एक सांगणे जरूर आहे. या चरित्राच्या आधाराने "नवऱ्याचा मार सोसणे हीच भक्ती" असे आयाबहिणींना सांगू नये. बाईंनी मार सोसला हे खरे, पण नवऱ्याच्या धाकाने गुरू सोडला नाही, हे त्याहून खरे. जन्मावरून अधिकार ठरतो का, या प्रश्नालाही त्या भ्यायल्या नाहीत. ब्राह्मण कोणास म्हणावे याची चर्चा करणारे वज्रसूची उपनिषद त्यांनी मराठी अभंगांत आणले. पाठशाळेत वर्षे घालवून आम्हांस जे उशिरा उमगले ते या बाईने संसार करता करता लिहविले!

देहूसही सुख कुठले? मंबाजीने शिष्य व्हा म्हणून गळ घातली, ऐकेनात तेव्हा छळ मांडला, त्यांची गाय बांधून मारली. तिचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले म्हणतात. त्या तुकोबांचा संसार तरी पाहा. १६३० च्या दुष्काळात रखुमाई अन्नावाचून गेली, संतू गेला. पुढे माघ शुद्ध दशमीस बाबाजींचा अनुग्रह झाला, तोही स्वप्नातच. आणि त्यानंतर वह्या इंद्रायणीत बुडाल्या. गुरू तसाच, शिष्याही तशीच.

देहूस बाईंना मुलगी झाली, काशी. नंतर मुलगा, विठ्ठल. शके १५७१ मध्ये तुकोबाराय वैकुंठास गेले, त्यानंतर बाई अर्धे शतक जगल्या. शेवटी शिऊरला होत्या. हे गाव वैजापूर तालुक्यात आहे. समाधी तिथेच आहे, वारकऱ्यांनी एकदा जाऊन यावे. शके १६२२ च्या (इ. स. १७००) आश्विन शुद्ध प्रतिपदेस त्यांनी देह ठेवला. तत्पूर्वी मुलाला जवळ बसवून आपले मागले बारा जन्म त्यांनी एकेक करून सांगितले आणि हा तेरावा म्हणाल्या. तूही त्या जन्मांत माझ्या बरोबर होतास, असे त्याला सांगितले.