दार लावून घेण्याआधी

ह्यांची दारू सोडवायची, हे मी एकटीनेच ठरवलं होतं. दिवाळीची सुट्टी होती, लेक मामाकडे गेली होती. फ्लशच्या टाकीत लपवलेली क्वार्टर मी बेसिनमध्ये ओतली, सेफ्टी डोअरला कुलूप लावलं आणि किल्ली उशीखाली घेतली. डॉक्टरांना विचारावं, हे डोक्यातही आलं नाही.

त्याआधीची नऊ वर्षं अगदी उलटी गेली. नशिबाचे भोग म्हणून गप्प. सोमवारी कंपनीत "ह्यांना ताप आहे" असा फोन मीच करायचे, पतपेढीचे हप्ते मीच भरायचे. सासूबाई म्हणायच्या, "सांभाळून घे गं." मी तेच तर करत होते!

दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. तिसऱ्या रात्री हे चादरीवरून सारखं काहीतरी झटकत होते. "मुंग्या बघ, केवढ्या!" चादर स्वच्छ होती. मला वाटलं, बाहेर जायला नाटक करतायत. पहाटे फिट आली. शेजारच्या दादांनी रिक्षा थेट जिन्यापाशी आणली, म्हणून वेळेत पोचलो.

डॉक्टर रागावले नाहीत, पण स्पष्ट बोलले. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. अशी दारू औषधं देऊन, देखरेखीखालीच सोडवावी लागते.

पुढे ठाण्याहून इंद्रायणी एक्सप्रेसने ह्यांना पुण्याला नेलं, मुक्तांगणला. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र. तिथे बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. त्या बायकांमध्ये बसले तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ह्यांचं पिणं माझ्यामुळे सुरू झालं नाही आणि माझ्या कुलपाने थांबणारही नाही. हे मला मान्य करावं लागलं. पण खोटा फोन करणं, उधारी फेडणं माझ्या हातात होतं. ते मी बंद केलं.

सात महिन्यांनी हे पुन्हा प्यायले. त्या सोमवारी कंपनीतून फोन आला. मी रिसीव्हर ह्यांच्या हातात दिला. माझेच हात कापत होते. तीन दिवसांनी हे आपणहून म्हणाले, "चल, डॉक्टरांकडे जाऊ."

मारहाण होत असेल तिथे मात्र सोसणं, समजून घेणं काही नको. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहत्या घराचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मिळतो. 181 ह्या महिला हेल्पलाइनवर फोन करा, लेकरांना घेऊन आधी सुरक्षित जागी जा.

आणि माझ्यासारखं कुणी आज रात्री दाराला कुलूप लावायच्या विचारात असेल, तर ताई, थांबा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 आहे. आधी तिथे किंवा तुमच्या डॉक्टरांना फोन करा.