गाडीतला अॅम्प्लिफायर आणि हरवलेले व्होल्ट

दिवाळीची सुट्टी संपवून मामांच्या गाडीतून साताऱ्याहून सांगलीला हॉस्टेलवर येत होतो. कराडपर्यंत गाणी झकास चालली. पुढे आवाज वाढवला की अॅम्प्लिफायर बंद, कमी केला की पुन्हा चालू! मामा म्हणाले, "इंजिनिअर होणार ना तू? मग सांग काय बिघडलंय." माझी बोलतीच बंद.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर घेऊन बसलो. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १४.१. म्हणजे अल्टरनेटर ठीक. अॅम्प्लिफायरवरही १४.१! आता "मामा, नवा अॅम्प्लिफायर घ्या" असं सांगणार, तेवढ्यात लॅबमधले काका म्हणाले, "अरे, गाणं चालू ठेवून मोजलंस का?"

इथंच आपली गोची होते. V = IR आपण पेपरात शंभरदा लिहितो; पण करंटच वाहत नसेल तर खराब जोडावरही व्होल्टेज पडत नाही, हे विसरतो.

मग बंद पडणार नाही इतपत आवाज ठेवून मोजलं. बॅटरीवर १३.९, अॅम्प्लिफायरवर ११.२. मधले २.७ व्होल्ट गेले कुठं? मीटरची एक टोचणी बॅटरीच्या प्लसला, दुसरी अॅम्प्लिफायरच्या प्लसला लावली : ०.३. तसंच मायनसच्या बाजूला : २.४. चोर सापडला! डिकीत अर्थिंगचा स्क्रू रंगावरच आवळला होता आणि खाली गंज. करंट २० अँपिअर धरला तर त्या एका स्क्रूवर ४८ वॉट उष्णता!

आधी बॅटरीचा मायनस काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, स्क्रू घट्ट केला, वरून ग्रीस लावलं. आता तिथं फक्त ०.१ व्होल्ट. खर्च : एक पॉलिश पेपर.

तुमच्यासाठी थोडक्यात :
१) सेट पूर्ण बंद असेल तर आधी फ्यूज, मग अॅम्प्लिफायरची रिमोट वायर तपासा. स्टिरिओ चालू असताना तिच्यावर सुमारे १२ व्होल्ट हवेत.
२) गाडी बंद केली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जात असतील तर कायम सप्लायची वायर बघा, बहुतेक स्टिरिओंना ती पिवळी असते.
३) फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकू नका. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. मोठा टाकलात तर फ्यूजआधी वायर जळेल, आणि तिच्याबरोबर गाडीही. मुख्य वायरचा फ्यूज बॅटरीजवळच हवा.

मामांना फोन केला. म्हणाले, "फी वाया गेली नाही म्हणायची!" खरं सांगू? मार्क काकांचे होते.