मोठ्यांचं कलरिंग बुक: पैसे कागदात घाला

मोठ्यांसाठीच्या कलरिंग बुकवर खर्च करताना पहिला पैसा कागदावर जावा आणि दुसरा चांगल्या पण मोजक्या पेन्सिलींवर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. शंभर रुपयांचं जाडजूड पुस्तक आणि बहात्तर रंगांचा डबा घेतात, आणि पाच-सहा पानांनंतर दोन्ही कपाटात जातात. मन रमलं नाही असं त्यांना वाटतं; खरं तर कागदाने रंग धरलेला नसतो.

स्कॉटलंडच्या चित्रकार जोहाना बॅसफर्ड यांचं ‘सीक्रेट गार्डन’ 2013 मध्ये आलं. त्यानंतर बारीक वेलबुट्टीची, प्राण्यांची, मंडलांची पुस्तकं आपल्याकडेही भरपूर मिळू लागली. देशी पुस्तकं साधारण शंभर ते तीनशे रुपयांत येतात, परदेशी चारशेपासून नऊशेपर्यंत जातात. किमतीतला हा फरक चित्रांचा असतो तसाच कागदाचाही असतो.

झेरॉक्सचा कागद 70 ते 80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) असतो. रंगीत पेन्सिलींसाठी निदान 100 हवा, 120 असेल तर उत्तम. पुस्तकावर आकडा छापलेला नसेल तर एक पान उजेडासमोर धरून पाहा. मागचं चित्र स्पष्ट दिसलं तर पुस्तक परत ठेवा. मग पानावरून बोट फिरवा. गुळगुळीत, चकचकीत कागदावर पेन्सिल घसरते आणि दुसरा थर बसतच नाही. किंचित खरखरीत कागद रंग धरतो. छपाई एकाच बाजूला आहे का, हेही बघा. स्केचपेन किंवा मार्करची शाई मागे उतरते आणि पाठीवरचं चित्र वाया जातं. स्पिरिटवर चालणारे मार्कर तर जाड कागदातूनही पार होतात, म्हणून ते वापरताना पानाखाली एक जाड कोरा कागद सरकवायचाच.

आता हिशेब करू. 120 रुपयांच्या पुस्तकात दोन्ही बाजूंना मिळून 60 चित्रं असली तर एक चित्र दोन रुपयांना पडतं. मार्कर वापरलात तर निम्मी चित्रं गेली, म्हणजे चार रुपये. 300 रुपयांच्या पुस्तकात एकाच बाजूला 40 चित्रं असली तर एक साडेसात रुपयांना. पण बारीक नक्षीचं एक पान सहज चार-पाच तास घेतं. म्हणजे महागडं पुस्तकही तासाला दोन रुपयांच्या आतच पडतं. इथे काटकसर करू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

आई-वडिलांसाठी घेत असाल तर डोळ्यांचा विचार आधी करा. पेन्सिलीचं टोक मावणार नाही इतकी बारीक नक्षी साठीनंतर आनंद देत नाही, थकवते. मोठ्या पाकळ्यांची फुलं, पक्षी, ठसठशीत मंडलं निवडा. ऑनलाइन घेताना प्रकाशकाच्या चित्रांपेक्षा ग्राहकांनी टाकलेले रंगवलेल्या पानांचे फोटो बघा. पदपथावर मिळणाऱ्या नकली प्रतींमध्ये रेषा पुसट आणि कागद पातळ असतो. संगणकाने घाऊक तयार केलेल्या पुस्तकांत रेषा मध्येच तुटतात, पक्ष्याला तिसरा पाय फुटतो. अशी चित्रं रंगवताना फार चिडचिड होते.

पेन्सिली 24 पुरतात. डोम्स, कॅमलिन यांसारख्या देशी कंपन्यांचा डबा साधारण दीडशे ते तीनशे रुपयांत येतो आणि सुरुवातीला तो पुरेसा आहे. हात बसला की परदेशी पेन्सिली सुट्या घ्या. कला-साहित्याच्या मोठ्या दुकानांत एक नग साधारण शंभर ते दीडशे रुपयांना मिळतो. आपल्या हातात कोणते चार-पाच रंग जास्त फिरतात ते तोवर कळलेलं असतं, तेवढेच घ्यायचे. त्याऐवजी अख्खा मोठा डबा काही हजारांना जातो आणि त्यातल्या कितीतरी पेन्सिलींना कधी टोकही काढलं जात नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून पेन्सिली, शार्पनर आणि खोडरबर यांवर जीएसटी नाही. जुन्या छापील किमतीचा डबा हाती आला तर सुधारित किंमत विचारा. जोडीला धातूचा शार्पनर घ्या, पन्नासेक रुपयांचा. बोथट टोकाने बारीक नक्षी रंगवताच येत नाही. डबा जमिनीवर पडू देऊ नका. आतली कांडी तुटली की टोक काढताना ती तुकड्या-तुकड्यांनी गळते. पुस्तक, पेन्सिली आणि शार्पनर मिळून पाचशे-सहाशे रुपयांत उत्तम सुरुवात होते.

रंगवताना जोर लावू नका. हलक्या हाताने, एकाच दिशेने तीन-चार थर द्या. पहिल्याच थरात दाबलं की कागदाचा खरखरीतपणा चेपतो आणि वर दुसरा रंग चढत नाही. आधी फिका, मग गडद. लाल रंगाच्या सावलीसाठी काळ्याऐवजी हिरव्याचा हलका हात द्या, रंग मळकट न होता खोल होतो. तळव्याखाली कोरा कागद ठेवला की रंगवलेलं फासटत नाही. सगळे रंग शेवटच्या पानावर आधी उमटवून बघा, कारण पेन्सिलीच्या लाकडावरचा रंग आणि कागदावरचा रंग क्वचितच जुळतात.

पुस्तक घेण्याआधी आवड तपासायची असेल तर एक पैसाही लागत नाही. न्यूयॉर्क अ‍ॅकॅडमी ऑफ मेडिसिनच्या ग्रंथालयाने 2016 मध्ये ‘कलर अवर कलेक्शन्स’ हा उपक्रम सुरू केला. दर फेब्रुवारीत जगभरातली ग्रंथालयं आणि संग्रहालयं आपल्या संग्रहातल्या चित्रांची रंगवायची पानं त्यात मोफत देतात. जुन्या वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांतली फुलं, शरीररचनेच्या आकृत्या, नकाशे असं बरंच काही तिथे सापडतं. जवळच्या छपाईच्या दुकानात पेनड्राइव्ह न्या, साधा कागद नको म्हणून सांगा आणि 120 किंवा 160 जीएसएमवर लेझर प्रिंट मागा. पानाला पाच-दहा रुपये पडतील. वॉटरकलर पेन्सिली वापरणार असाल तर घरच्या इंकजेटवर छापू नका, ओला ब्रश लागताच काळ्या रेषा पसरू शकतात.