किल्ला, आकाश आणि आपली नोंदवही



आज बहुतेक घरांत कॅमेरा आहे, कारण मोबाईल आहे. वाढदिवस, लग्न, सहल, जेवणाचे ताट, सगळ्याचे फोटो निघतात. पण दहा वर्षांनी ज्यातून काही कळेल असे फोटो त्यात किती? या अंकातील पाठ निसर्गदृश्य, विस्तृत दृश्य म्हणजे पॅनोरमा आणि रात्रीचे आकाश या तीन प्रकारच्या छायाचित्रणावर आहे. हा छंद कमी खर्चात जोपासता येतो. त्यात भूगोल, गणित आणि खगोल हे तिन्ही विषय येतात. मुख्य सांगणे मात्र एकच आहे. ज्या चित्राखाली तारीख, वेळ आणि जागा लिहिलेली असते ते चित्र पुढे पुरावा होते. ज्याखाली काहीच लिहिलेले नसते, त्याची पुढे फक्त शोभा उरते.

१. नोंदीचे मोल

आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे. पूर्वेकडच्या चढावर लागणारे हे लहानसे मंदिर जगभरच्या गणितज्ञांना माहीत आहे. तेथील शिलालेखात संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६ हे वर्ष दिले आहे. देवासाठी फुलबाग दिल्याची ती नोंद आहे. बाग २७० हात लांब व १८७ हात रुंद, आणि देवाला रोज ५० माळा. या २७० आणि ५० मधले शून्य आज आपण लिहितो तसेच गोल कोरलेले आहे. कोरणाऱ्याने आपण शून्याचा इतिहास लिहीत आहोत असा विचारही केला नसेल. त्याने वर्ष आणि माप तेवढे नेमके लिहिले. ती बाग केव्हाच गेली, पण नोंद राहिली.

छायाचित्राचेही असेच आहे. लाला दीनदयाळ यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. त्यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी झाला. १८६६ साली ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. नकाशे आणि अंदाजपत्रके हे त्यांचे काम. छायाचित्रण त्यांनी १८७४ च्या सुमारास छंद म्हणून सुरू केले. पुढे १८८२ साली मध्य भारताचे ब्रिटिश एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्या दौऱ्यात त्यांनी या भागातील वास्तूंची चित्रे घेतली. ती १८८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यात आपल्या ग्वाल्हेरच्या वास्तूही आहेत. तेव्हा आजच्यासारखा हलका कॅमेरा नव्हता. काचेच्या जड प्लेटा, लाकडी कॅमेरा आणि त्याची तिपाई हे सगळे ओझे किल्ल्याच्या चढावर न्यावे लागे. मानमंदिर त्या काळी कसे दिसत होते हे आज आपण पाहू शकतो ते या चित्रांमुळे. नोकरी करणाऱ्या एका माणसाच्या छंदातून पुढे हे काम झाले, ही गोष्ट पालकांनीही ध्यानात घ्यावी.

आता आपल्या पडावकडे पाहा. झाशीच्या राणीच्या समाधीचा परिसर, फुलबाग, स्टेशन, पूल, आणि या सगळ्यांच्या मागे किल्ला. स्वर्णरेखा नदीवरील उन्नत मार्गाचे भूमिपूजन २०२२ साली झाले. स्टेशनच्या पुनर्निर्माणाचे कामही निघाले. मोहल्ल्यात दोन मजली घरांच्या जागी पाच मजली इमारती उभ्या राहत आहेत. बदल होणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आधी काय दिसत होते आणि नंतर काय दिसू लागले, याची नोंद कोण ठेवणार? हे काम आपल्या मुलांनी करण्यासारखे आहे.

२. किल्ला एका फोटोत का मावत नाही?

आपला किल्ला सुमारे ३ किलोमीटर लांब आहे आणि खालच्या जमिनीपासून सुमारे १०० मीटर उंच आहे. म्हणजे लांबी उंचीच्या तीसपट. साध्या फोटोची लांबी व उंची यांचे प्रमाण बहुधा ३ : २ असते. समजा, पूर्वेकडून खूप दूर उभे राहून सगळा किल्ला एका फोटोत बसवला. मग चित्राच्या उंचीत किल्ल्याचा वाटा किती? गणित करून पाहा, उत्तर येते विसावा भाग. वर आकाश, खाली घरे, आणि मध्ये किल्ल्याची बारीक पट्टी. मानमंदिराचे घुमट ओळखूही येणार नाहीत.

यावर उपाय असा की एकाच जागी उभे राहून, कॅमेरा थोडा थोडा वळवत अनेक फोटो घ्यायचे आणि मग जोडायचे. यालाच पॅनोरमा म्हणतात. जोडण्यासाठी प्रत्येक फोटोचा साधारण एक तृतीयांश भाग शेजारच्या फोटोत यायला हवा.

उदाहरण: एक फोटो ४० अंशांचे दृश्य घेतो आणि आपल्याला १२० अंशांचे दृश्य हवे आहे. पहिला फोटो ४० अंश देतो. पुढच्या प्रत्येक फोटोत नवा भाग फक्त दोन तृतीयांश, म्हणजे २६ पूर्णांक दोन तृतीयांश अंश. उरलेल्या ८० अंशांना असे ३ फोटो लागतात. एकूण फोटो ४.

हे करताना पाच गोष्टी सांभाळाव्यात:

(अ) कॅमेरा किंवा मोबाईल उभा धरावा. फोटो जास्त लागतात, पण वर-खाली कापायला जागा राहते.

(आ) पहिल्या फोटोत उजेडाचे जे माप ठरले तेच शेवटपर्यंत ठेवावे. नाहीतर जोडलेल्या चित्रात आकाशाचे पट्टे दिसतात.

(इ) आपण पाय हलवत फिरतो तेव्हा कॅमेराही गोल फिरतो आणि जवळच्या वस्तू मागच्या दृश्याच्या तुलनेत सरकतात. म्हणून कॅमेरा एका बिंदूवर ठेवून तो बिंदूच आस समजून वळवावा. ट्रायपॉड असल्यास उत्तम.

(ई) क्षितिजरेषा सरळ ठेवावी.

(उ) समोरून गाडी किंवा माणूस जात असेल तर थांबावे. अर्धी मोटार कोणालाच नको असते.

फोटो जोडण्यासाठी ह्यूजिन नावाचे संगणकावरचे साधन विनामूल्य मिळते. मोबाईलमध्ये पॅनोरमाची सोय असतेच, पण एकदा तरी फोटो वेगवेगळे काढून जोडावेत. त्याशिवाय आत काय घडते ते कळत नाही.

वेळेचा विचारही करावा. पडावहून किल्ला वायव्येला दिसतो. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे उजव्या बाजूला असतो, म्हणून तट आणि कडे उजळलेले दिसतात. संध्याकाळी तोच सूर्य समोर डाव्या बाजूला जातो आणि किल्ल्याची नुसती काळी आकृती उरते. दोन्ही चित्रे सुंदर असतात, पण नोंदीसाठी सकाळ बरी.

३. रात्रीचे आकाश

माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. शाळेत मी ‘लुब्धक’ शिकले आणि घरी आजी त्याच ताऱ्याला ‘व्याध’ म्हणे. मुलांनी दोन्ही नावे शिकावीत. मृग, व्याध, कृत्तिका, सप्तर्षी, शर्मिष्ठा, ध्रुव एवढी ओळख झाली की कॅमेरा कोठे वळवायचा ते समजते.

ग्वाल्हेरचे अक्षांश सुमारे २६ अंश उत्तर आहेत, म्हणून ध्रुवतारा आपल्या उत्तर क्षितिजापासून सुमारे २६ अंश उंच दिसतो. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. अडीच मुठी मोजा, ध्रुव सापडेल. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. कॅमेरा ध्रुवाकडे रोखून तासभर एकामागून एक फोटो घेतले आणि एकत्र केले, तर प्रत्येक तारा १५ अंशांचा कंस काढतो. लष्करकडून किल्ला साधारण उत्तरेला येतो, त्यामुळे तिकडच्या एखाद्या मोकळ्या छतावरून किल्ल्याच्या वर फिरणाऱ्या ताऱ्यांचे चित्र मिळू शकते. पृथ्वीचे फिरणे पुस्तकात वाचणे वेगळे आणि आपल्या किल्ल्यावर पाहणे वेगळे.

तारे ठिपक्यांसारखेच हवे असतील तर ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागावे. लेन्स २५ मिलिमीटरची असेल तर ५०० ÷ २५ = २० सेकंद. त्याहून जास्त वेळ शटर उघडे ठेवले तर तारे लांबट होतात. हा नियम पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्याचा आहे. लहान कॅमेऱ्यात वेळ कमी धरावा. मोबाईल असल्यास तो विटेला टेकवून स्थिर ठेवावा, दहा सेकंदांचा टायमर लावावा आणि हात लावू नये.

चंद्राची गोष्ट उलट आहे. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक, म्हणून त्याला दिवसासारखा थोडाच वेळ द्यावा. मोबाईलच्या पडद्यावर चंद्राला बोट लावून उजेड कमी केला की पांढऱ्या गोळ्याऐवजी डाग दिसू लागतात.

तिथीसाठी दुसरीकडे जायला नको. आपल्या घरांत भिंतीवर मराठी कॅलेंडर असतेच. तारे आणि आकाशगंगा यांसाठी अमावस्येच्या आसपासच्या रात्री घ्याव्यात. चांदण्यातल्या किल्ल्यासाठी पौर्णिमा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो. कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ मुंबईची असेल तर लक्षात ठेवावे की ग्वाल्हेर मुंबईच्या सुमारे सव्वापाच अंश पूर्वेला आहे. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे सुमारे २१ मिनिटांचा फरक. अक्षांशामुळे तो ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो. स्वतः पाहून वेळ लिहावी.

हवामानात पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि पुढे फेब्रुवारी-मार्च आपल्याकडे चांगले. डिसेंबर-जानेवारीत धुके असते, मे-जूनमध्ये धूळ.

वेध घेऊन ते लिहून ठेवण्याची परंपरा आपल्या जुन्या ग्वाल्हेर संस्थानातही होती. उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधली. १९२३ साली माधवराव महाराज शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करवला आणि गोविंद सदाशिव आपटे हे तिचे अधीक्षक झाले. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर हौशी आकाशनिरीक्षकांनीच १९४४ साली स्थापन केली आणि ती आजही चालू आहे. आकाश पाहायला मोठी पदवी लागत नाही. रोज पाहायची आणि लिहायची सवय लागते.

४. हरवत चाललेले आकाश

पडावच्या छतावरून आज आकाशगंगा दिसत नाही. स्टेशनचे दिवे, दुकानांच्या पाट्या, रस्त्यावरचे पांढरे एलईडी यांचा उजेड धुळीवर पडून सगळे आकाश फिकट करतो. ज्या मुलाने आकाशगंगा पाहिलीच नाही, त्याला ती हरवली हे कसे कळणार? तिघरा धरणाच्या बाजूला किंवा एखाद्या नातेवाइकांच्या खेड्यावर गेलात तर फरक लगेच समजेल.

यावर उपाय आहेत. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतील दिव्यांची तोंडे जमिनीकडे केली गेली. गावे अंधारात बुडाली नाहीत. उजेड जिथे हवा तिथे पडला आणि आकाश मोकळे झाले.

५. पालक आणि विश्वस्त यांना विनंती

पालकांनो, नवा कॅमेरा घेण्याची घाई करू नका. वर्षभर घरच्या मोबाईलवर काम करू द्या. ज्या मुलाची नोंदवही भरेल त्याच्यासाठी पुढचा विचार करा. रात्री मुला-मुलींना एकटे पाठवू नका, सोबत बसा. कोजागरीला दूध आटवून छतावर बसतोच, त्याच दिवशी सुरुवात करता येईल. कठड्यावर चढणे, पुलावर रहदारीत थांबणे, रेल्वे रुळांजवळ जाणे पूर्ण बंद. मुरार छावणी आणि महाराजपूर विमानतळाच्या परिसरात कॅमेरा काढू नये. किल्ल्यावर ट्रायपॉड न्यायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी. सूर्याकडे लेन्समधून कधीही पाहू नये.

माननीय विश्वस्तांना दोन विनंत्या. एक, शाळेच्या छतावर किल्ल्याकडे तोंड करून एक पक्की खूण करू द्यावी. दरवर्षी १ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता तिथूनच पॅनोरमा घेतला जाईल. दोन, मैदानातील मोठ्या दिव्याला वरून झाकण बसवावे, म्हणजे उजेड मैदानावर पडेल, आकाशात जाणार नाही. दोन्हींचा खर्च थोडा आहे. आजचे पाचवीचे विद्यार्थी बारावीत जातील तेव्हा शाळेजवळ आठ वर्षांची आठ चित्रे असतील.

स्वाध्याय

१. एक फोटो ३० अंश दृश्य घेतो. एक तृतीयांश भाग सामाईक ठेवून ११० अंशांच्या पॅनोरमासाठी किती फोटो लागतील?

२. ताऱ्याचा कंस ४५ अंशांचा हवा असेल तर किती तास फोटो घ्यावे लागतील?

३. ध्रुवताऱ्याची उंची मुठींनी मोजा आणि ग्वाल्हेरच्या अक्षांशाशी ताडून पाहा.

४. हिवाळ्यातील स्वच्छ रात्री मृगाच्या चौकोनाच्या आत साध्या डोळ्यांनी किती तारे दिसतात ते आपल्या छतावरून मोजा. खेड्यावर गेल्यास तिथेही मोजा. दोन्ही आकडे तारीख, वेळ आणि जागा यांसह लिहा.

५. घरातील वडीलधाऱ्यांकडून पडावचा किंवा किल्ल्याचा जुना फोटो मागा. तो कोठून काढला असेल ती जागा शोधा, तिथूनच नवा फोटो काढा आणि मागे वर्ष लिहा. जुन्या फोटोचे वर्ष आजोबा-आजींनाच विचारा. ते आजच विचारून लिहून ठेवा.