कागद कुणाच्या नावावर?

चिपळूण,
मृगाचा पहिला आठवडा

चि. बंडू यास,


आत्याचा जावई बालीची सहल करून आला, तो परवा इथे जेवायला होता. तुझं कौतुक करता करता सहज बोलून गेला की बंडूने तबानानच्या बाजूला आठ आर जमीन घेतलीय, भातखाचरांना लागून, आणि ती आहे त्याच्या ड्रायव्हरच्या नावावर. ‘तिकडे सगळे असंच करतात,’ असं वर हसून म्हणाला. काकूने वाढायला घेतलेला भात डावातच राहिला. हे खरं आहे का? नसेल तर पुढचं वाचू नकोस. सरळ फोन कर आणि मला चार शब्द ऐकव, मी ऐकून घेईन.

खरं असेल तर मात्र वाच, आणि पत्र संपेपर्यंत मध्ये उठू नकोस.

तू परक्या मुलखात घरं बांधायचा धंदा काढलास, त्याला माझी ना नव्हती. अण्णाचा कोथरूडचा फ्लॅट विकून भांडवल उभं केलंस तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. अण्णा असता तर त्याने उघडलं असतं, पण तो नाही आणि त्याच्या जागी बसायची मला हौस नाही. पण त्या फ्लॅटचे पैसे ड्रायव्हरच्या नावावर? आपल्या घरात आजीच्या कुड्या गहाण टाकायच्या तरी पावती दोनदा वाचून घेत, हे तू पाहिलंयस.

इथल्या सायबर कॅफेतल्या पोराला बसवून मी त्यांच्या जमीन कायद्याची माहिती काढली. कायदा १९६० चा आहे. पूर्ण मालकी, जिला ते हाक मिलिक म्हणतात, ती फक्त त्यांच्या नागरिकाला. हे तुला ठाऊक असणारच. पण कलम २६ नीट वाचलंस का? परदेशी माणसाच्या हाती आडमार्गाने जमीन जाईल असा व्यवहार केला तर तो मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि मोजलेले पैसे परत मागता येत नाहीत. ड्रायव्हरकडून तू कर्जाचा कागद लिहून घेतला असशील, कुलमुखत्यारपत्र घेतलं असेल, भाडेकरारही केला असेल. एजंट लोक ही सगळी चळत शिक्क्यांसकट बांधून देतात म्हणे. पण कोर्टात उभा राहून तू काय सांगणार? की ही जमीन खरी माझी आहे? म्हणजे कलम २६ तू स्वतःच्याच तोंडाने स्वतःवर लावून घेणार.

तू म्हणशील, काका, माणूस सोन्यासारखा आहे. असेल. माझा त्याच्यावर काडीचा संशय नाही.

गुहागरच्या वाटेवरचा तो निळ्या गेटचा बंगला तुला आठवत असेल, लहानपणी तिथे माझ्याबरोबर सिमेंटच्या गोण्या मोजायला यायचास. तो मुंबईच्या एका गृहस्थाचा. समुद्र दिसेल अशी आंब्याची बाग त्यांना हवी होती, पण ते शेतकरी नव्हते. कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. मग खरेदीखत झालं बागेच्या राखणदाराच्या नावाने. राखणदार देवमाणूस होता. दरवर्षी पहिली पेटी मुंबईला पाठवायचा आणि पडलेल्या नारळांचाही हिशेब द्यायचा. मग एका पावसाळ्यात तो गेला. तलाठ्याकडे वारसनोंद लागली, सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढलं, दोन मुलांचं चढलं आणि कल्याणला दिलेल्या मुलीचंही. मुलांनी शब्द पाळला असता. पण जावयाने सातबारा पाहिला. त्यात मालक म्हणून स्वतःच्या बायकोचं नाव आणि मुंबईवाल्यांचं कुठेच नाही. तो बिचारा तरी खोटं कुठे बोलत होता? पुढे ते गृहस्थ स्वतःच्या गेटबाहेर गाडीत बसून माझ्याशी बोलले, कारण आत जाऊ देत नव्हते. राखणदाराने फसवलं नाही रे, तो मेला एवढंच.

तुझ्या ड्रायव्हरला बायको आहे? भाऊ किती? उद्या त्याने मोटारसायकलसाठी कर्ज काढलं आणि थकलं तर बँक कुणाच्या जमिनीकडे बघेल? तिकडेही जमीन आरमध्येच मोजतात, आपल्या सातबाऱ्यासारखी. मग बाकीचं वेगळं असेल अशी आशा तू कशाच्या जोरावर धरलीस?

आडमार्ग का घेतलास तेही मला कळतं. परदेशी माणसाची कंपनी काढायची तर दहा अब्ज रुपियांवर गुंतवणूक दाखवावी लागते. आपल्या हिशेबाने पाच कोटींच्या वर. एवढे अण्णाच्या फ्लॅटचे कुठून यायला? पण कंपनी केलीस तर तिच्या नावावर तीस वर्षांचा बांधकामहक्क मिळतो, आणखी वीस वर्षं वाढवता येतो. तेवढं झेपत नसेल तर सरळ पंचवीस वर्षांच्या भाड्याने घे, नोटरीसमोर, आणि मुदतवाढीचं कलम आजच लिहून घे. भाड्याच्या जमिनीवर घर बांधायला कमीपणा कसला? निम्मी गिरगावची चाळसंस्कृती भाड्याच्या खोल्यांत वाढली. कागद तुझ्या नावावर हवा, मग तो भाड्याचा का असेना.

आणि जे विचारायला धीर होत नव्हता ते आता विचारतो. हा एक प्लॉट तुझा झाला. ज्या परदेशी गिऱ्हाइकांची घरं तू बांधणार, त्यांनाही याच वाटेने नेतोस का? स्वतःचे पैसे बुडवशील तर आम्ही भाकरी देऊ. लोकांचे बुडवलेस तर काय करायचं?

रागावलो. चहा पिऊन पुन्हा लिहायला बसलोय.

खाचरांना लागून जमीन, म्हणजे तिथे बांधकामाला परवानगी आहे की हिरव्या पट्ट्यात येते, हे पाहिलंस? आपल्याकडे एन.ए. नसताना चिरा लावला की काय होतं ते तू जाणतोस. तिकडेही २०२५ च्या जुलैत बिंगिनच्या किनाऱ्यावरची बेकायदा बांधकामं सरकारने पाडली, फोटो इथे पेपरात नाही पण मोबाइलवर आले. त्यांच्या खाचरांच्या पाटपाण्याची सुबाक पद्धत युनेस्कोने २०१२ मध्ये वारसायादीत घेतली. तुझ्या कंपाउंडाने एखादा पाट अडला तर सगळं गाव दाराशी येईल, आणि ते बरोबर असेल. आधी तिथल्या बंजारच्या, म्हणजे त्यांच्या गावकीच्या, प्रमुखाकडे जाऊन बस. गावकीला विचारल्याशिवाय कोकणात कुणी विहीर खणत नाही, तिथे तर तू पाहुणा.

बांधकामाबद्दल तुला शिकवायची माझी टाप नाही, तू इंजिनियर. पण तू पाठवलेलं ते पांढरं डब्यासारखं घर मी भिंग लावून पाहिलं. वर सपाट स्लॅब, पश्चिमेला भिंतभर काच, वळचण म्हणून नाहीच. नोव्हेंबर ते मार्च तिथे आपल्यासारखाच कोसळतो ना? दोन पावसांत त्या पांढऱ्या गिलाव्यावर हिरवे ओघळ उतरतील आणि कोपऱ्यात पापुद्रे सुटतील. गिऱ्हाईक म्हणतं म्हणून काहीही बांधू नकोस. उतरतं छप्पर घाल, वळचण चांगली हात दीड हात पुढे काढ, जोतं उंच घे. समुद्राची वाळू कितीही स्वस्त मिळाली तरी नको, सळई आतून खाते. कारंगासेमकडे आगुंग ज्वालामुखीची काळी वाळू मिळते, ती घे. रिंग बीमला काटकसर करू नकोस. कोयनेचा धक्का, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, मी अंथरुणात होतो. मातीत रचलेल्या दगडी भिंती आधी कोपऱ्यात उकलल्या, मग बसल्या. २०१८ च्या भूकंपात तुझ्या शेजारच्या लोंबोकमध्ये काय झालं ते सांगायला नको. आणि जावानीज गवंडी ईदला गावी जाणार, बालीचे लोक गालुंगानला जाणार, हे धरूनच मुदत दे. आपले बिगारी शिमग्याला नि गणपतीला परत बोलावून आलेत का कधी?

हे सगळं तुला येतं. तरी लिहितोय, कारण यावर लिहिताना बरं वाटतं, आणि त्या कागदावर लिहिताना हात जड होतो.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. मस्कतच्या एका कंपनीसाठी सुपरवायझर हवे होते तेव्हा माझं नाव लागलं होतं. पासपोर्ट आला, मेडिकल झालं. अण्णा तेव्हा कॉलेजात, तुझ्या आजोबांना पहिला झटका येऊन गेलेला. आजी काही बोलली नाही, नुसती माझ्या शर्टाची बटणं लावत बसली, असलेली काढून पुन्हा. मी गेलो नाही. तो पासपोर्ट अजून ट्रंकेत आहे, एकही शिक्का नसलेला. पुढे इथे शाळा बांधल्या, बंगले बांधले, पोट भरलं, नाव झालं. पण विमानाचा आवाज आला की मी अंगणात येतो, हे काकूला माहीत आहे. तेव्हा परवापासून स्वतःलाच विचारतोय, हा बंडूच्या कागदाचा घोर आहे की गेलेल्याचा हेवा? थोडा हेवा असेलही. पण तू गेलास तेव्हा बाजारपेठेत ज्याला त्याला मीच सांगत सुटलो होतो, आमचा पुतण्या बालीत घरं बांधतो म्हणून.

त्यामुळे परत ये असं म्हणत नाही. तो कागद तेवढा निस्तर. ड्रायव्हरला दुखवू नकोस, त्याचा दोष नाही. एजंटाचा नाही, स्वतःचा वकील कर, आणि त्याला सगळं खरं सांग. सोडवताना काही पैसे जातील, जाऊ देत. काकूच्या नावाची एक ठेव श्रावणात सुटते. तिनेच सुचवलं, मी नाही. परतफेडीचं लिहिलंस तर ती रागावेल.

सूनबाईला हे ठाऊक आहे का? नसेल तर आज सांग. तिच्या चेहऱ्याला भिऊन लपवलं असशील, पण ती अण्णाची निवड आहे, तुझ्यापेक्षा खंबीर आहे.

फोन रात्री कर. तिकडचे साडेदहा म्हणजे आमचे आठ, जेवणं उरकलेली असतात. ओरडणार नाही. तुझ्या पहिल्या घराची ती मलास्पस का काय, त्यांची वास्तुशांत, कधी धरणार तेही सांग. नवा पासपोर्ट काढायला रत्नागिरीला जावं लागेल की इथेच होतो, याची चौकशी करून ठेवतो.

तुझा,
नानाकाका

ता. क. – पायात वाळवीचं औषध मारतील तेव्हा स्वतः उभा राहा, निम्मं पाणीच मारतात. पण छत्री घेऊन उभा राहा. भिजलास की तुझे कान दुखतात.