बटण लपवलं म्हणजे कुलूप लागलं?

प्रश्न : सेलूला आमचं कापूस खरेदीचं काम आहे. भाच्याने हिशेबाचं वेब-ॲप करून दिलं. मी, मुनीम आणि काट्यावरचा मुलगा, तिघांचे पासवर्ड वेगळे. मुलाने भाव बदलू नये म्हणून ते बटण त्याला दिसत नाही. एवढं पुरे ना?
— एक वाचक, सेलू (जि. वर्धा)

उत्तर : पुरे नाही, पण घाबरू नका, काम दुरुस्तीचं आहे. लॉगिनने माणूस कोण ते कळतं. त्याला काय करू द्यायचं, ही तपासणी वेगळी. बटण लपलं तरी त्यामागचा पत्ता सर्व्हरवर जिवंतच असतो. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवॅस्प’ संस्थेच्या २०२१च्या धोक्यांच्या यादीत हीच गफलत पहिली होती.

प्रत्येक विनंतीला सर्व्हरनेच भूमिका तपासावी : मुलाला वजनाची नोंद, मुनिमाला चुकारे, भाव फक्त तुम्हाला. जँगो, लाराव्हेल अशा वेब-ॲप बनवण्याच्या तयार चौकटींमध्ये ही सोय असतेच; भाच्याने घरची बनवू नये. पासवर्ड हॅश करूनच, म्हणजे मूळ शब्द परत काढता येणार नाही अशा रूपात, साठवावेत. हंगाम संपून मुलगा गेला, की त्याच दिवशी त्याचं खातं बंद करा. हे हमखास राहून जातं.

आज एवढं करा : मुलाच्या लॉगिनने भाव बदलायच्या पानाचा पत्ता टाकून पाहा. पान उघडलं, तर भाच्याला बोलावून घ्या.