हीटरचा पंखा कां थांबला?

गेल्या हिंवाळ्यांत आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचें इंग्लंडहून पत्र आलें. त्यानें तेथें हौसेनें एक जुनी एम. जी. बी. स्पोर्ट्‌स गाडी घेतली आहे. ही गाडी १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यांत तयार होत असे, आणि तिच्या सर्व प्रकारांच्या मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. एका पावसाळी सकाळीं रहदारींत हळूं चालतां चालतां तिची समोरची कांच आंतून दंवानें भरून गेली, आणि सायकलवरील एक मनुष्य अगदीं जवळ येईपर्यंत त्याला दिसलाच नाहीं. अपघात टळला, हात मात्र बराच वेळ कांपत होते. हीटरचा पंखा कधीं मंद फिरे, कधीं मुळींच फिरत नसे. दुरुस्तीच्या एका दुकानांत सगळी पेटीच बदलण्यास सांगून मोठी रक्कम मागितली. तेव्हां त्यानें विचारलें, "सर, आपण शिकविलेला ओहमचा नियम येथें कांहीं कामाला येईल काय?" त्यास जें उत्तर लिहिलें, तेंच थोड्या विस्तारानें येथें देत आहें.

प्रथम हीटरची रचना पाहूं. इंजिनांतील गरम पाणी एका लहान रेडिएटरमधून फिरतें, आणि पंखा त्यावरून हवा ढकलून ती कांचेकडे व पायांकडे पाठवितो. गाडी वेगांत असतां बाहेरची हवा आपोआपच आंत शिरते. म्हणून पंख्याचा दोष महिनेन् महिने लपून राहतो व गर्दींत गाडी थांबली कीं उघडा पडतो. हवा जोरानें येते परंतु थंड येते, असें असेल तर मोटर निर्दोष समजावी. दोष पाण्याच्या झडपेंत किंवा तुंबलेल्या रेडिएटरांत असतो.

पंखाच फिरत नसेल तर आधीं फ्यूज पाहावा. येथें एक फसगत आहे. या गाडीच्या मूळ लुकास फ्यूजवर ३५ अँपिअर असा आंकडा असतो. तो फ्यूज वितळण्याचा प्रवाह होय. सतत वाहूं द्यावयाचा प्रवाह केवळ १७ अँपिअर. त्याच्या जागीं सतत ३५ अँपिअर वाहणारा आधुनिक फ्यूज बसविला, तर तारेंतून दुप्पट प्रवाह जाऊं शकतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत, म्हणजे चौपट, उत्पन्न होते. फ्यूजऐवजीं चांदीचा कागद गुंडाळणाऱ्या शहाण्यांविषयीं तर बोलावयासच नको!

फ्यूज चांगला असल्यास व्होल्टमीटर हातीं घ्यावा. मात्र मोजमाप पंखा चालूं असतांनाच करावें. सांध्यावर गंज असला तरी प्रवाह वाहत नसेल तर तेथें दाब मुळींच खर्च होत नाहीं, आणि मीटर पुरे बारा व्होल्ट दाखवून आपणांस चकवितो. दाब खर्च होतो तो प्रवाह गुणिलें रोध इतका. समजा, मोटरचा रोध ३ ओहम व गंजलेल्या सांध्याचा १ ओहम आहे. एकूण ४ ओहम. १२ व्होल्टला ३ अँपिअर प्रवाह. म्हणजे ३ व्होल्ट गंजानेंच खाल्ले, आणि मोटरला ९ उरले. (फिरती मोटर साध्या रोधासारखी वागत नाहीं, हें वरच्या वर्गांतील मुलें ओळखतीलच; तूर्त हा हिशेब पुरे.)

आमच्या विद्यार्थ्यानें पंखा मंद फिरत असतां मोजमाप केलें. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, मोटरच्या दोन टोंकांत ८.९, आणि काळ्या तारेचें टोंक व बॅटरीचें ऋण टोंक यांमध्यें २.६. काळी तार या गाड्यांत अर्थिंगची असते. ती जेथें गाडीच्या पत्र्यास जोडलेली होती, तेथें रंग व गंज यांचा थर निघाला. तो खरवडून स्क्रू घट्ट बसवितांच २.६ चे ०.१ झाले व पंखा घोंघावूं लागला.

परंतु चौथ्या दिवशीं पुन्हां पत्र! पंखा सुरूच होईना. पेटीवर बुक्की मारली कीं मात्र फिरूं लागे. हें लक्षण ब्रशांचें. कॉम्युटेटरवर टेंकणारे कार्बनचे ब्रश झिजले किंवा खांचेंत अडकले म्हणजे संपर्क तुटतो, आणि धक्का बसला कीं पुन्हां जुळतो. मग त्यानें बॅटरीची तार सोडवून मोटर बाहेर काढली. यासाठीं सगळी पेटी उचकटण्याची गरज नसते. कॉम्युटेटर काजळीनें काळा पडला होता. तो बारीक काचकागदानें पुसून, पट्ट्यांमधील फटी टोंकदार काडीनें साफ केल्या आणि दोन्हीं बेअरिंगांना पातळ तेलाचा एकेक थेंब दिला. जास्त तेल घालूं नये. तें ब्रशांवर उडतें. नेमक्या मापाचे ब्रश मिळेनात, म्हणून किंचित् मोठे घेऊन तेहि काचकागदावर घांसून बसविले.

जोडतांना टोंकांची अदलाबदल होऊं देऊं नये. कायम चुंबकाच्या मोटरींत तसें झाल्यास पंखा उलटा फिरतो, आवाज होतो पण वारा नीट येत नाहीं. शिवाय १९६७ सालीं दुसरी आवृत्ति निघेपर्यंत या गाड्यांत बॅटरीचें धन टोंक पत्र्यास जोडलेलें असे, पुढें ऋण. तेव्हां आपल्या गाडीचें साल पाहूनच तार जोडावी.

पंखा आतां चालूं आहे. जुने ब्रश त्यानें टपालानें पाठविले असून ते प्रयोगशाळेच्या कपाटांत, चुंबकांच्या खणांत ठेविले आहेत. एक दुसऱ्याच्या निम्माहि उरलेला नाहीं. ज्यांस पाहावयाचे असतील त्यांनीं मधल्या सुटींत यावें.